दोन अक्षांच्या मधात

माझे पाय एका जागी ठरत नाहीत. कौतुकानं सांगत नाही आणि तक्रारही नाही; आज ऊन आहे हे सांगावं तसं सांगते. अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवताना मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकी चालते, की इतक्या वर्षांत जबलपूरहून निघून नागपूर गाठलं असतं, मावशीकडे दोन दिवस राहून परत आले असते, आणि तरी एखादी चप्पल शिल्लक राहिली असती. नेपियर टाउनमधल्या आमच्या कोचिंगमध्ये फळ्यासमोरच्या फरशीवर एक फिकट पट्टा पडलाय. लोक म्हणतात, फरशीच तशी आली होती. म्हणू द्या.

अशा बाईला एका गुरुवारी सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून तुम्ही खुर्चीवर बसायचं.

सांगणारे आमचे डायरेक्टर सर. माझ्यापेक्षा वयानं लहान, शर्टाची इस्त्री अशी की घडीवर भाजी चिरावी, आणि आवाज इतका गोड की नोकरीवरून काढलेला माणूससुद्धा पेढे घेऊन येईल. त्यांनी समजावलं की क्लासमध्ये भिंतीएवढी स्क्रीन येतेय. दूरच्या शहरातले कुणी मोठे सर त्यावर रेकॉर्डेड शिकवतील, अणू हवेत गरगर फिरतील, पोरं बघत राहतील. मग मी काय करायचं? "आप डाउट काउंटर सँभालिए, मैडम. आराम रहेगा."

डाउट काउंटर म्हणजे वॉटर कूलर आणि जिन्याच्या मधलं एक टेबल. त्याच्यामागे खुर्ची. ज्याला शंका असेल त्यानं तिथं यायचं. पण आमच्या पोरांना तहान लागते, शंका लागत नाही. मागच्या वर्षी फिजिक्सचे एक सर त्या खुर्चीवर बसवले होते. दोन महिन्यांत त्यांना कूलरच्या मोटरचा आवाज ऐकून पाण्याची पातळी सांगता यायला लागली. पुढे ते गावी निघून गेले.

मी म्हटलं, एक संधी द्या. सोमवारी चाळीस मिनिटं घेते, तुम्ही मागच्या बाकावर बसा, मग ठरवा. ते हसले आणि विषयही त्यांनीच निवडला: ऑर्बिटलचे आकार आणि दिशा. म्हणाले, "वही जो बोर्ड पर बनता ही नहीं है." माणूस गोड होता, पण बावळट नव्हता.

खरंच तो धडा फळ्यावर मावत नाही. इलेक्ट्रॉन काही घाण्याच्या बैलासारखा ठरल्या वाटेनं फिरत नाही. तो कुठे आहे विचाराल तर अणू एवढंच सांगतो की साधारण या भागात असेल. त्या भागाला ऑर्बिटल म्हणायचं. एस नावाचं ऑर्बिटल सरळ चेंडू. पी म्हणजे तोंडाला तोंड लावून बांधलेले दोन फुगे, आणि ते तीन: एक X अक्षावर, एक Y वर, एक उभं Z वर. इथवर पोरं माझ्यासोबत असतात. मग येतात डी, पाच भाऊ. चौघांना चार-चार पाकळ्या. त्यातल्या तिघांच्या पाकळ्या दोन अक्षांच्या मधल्या मोकळ्या जागेत, चौथ्याच्या बरोबर अक्षांवर. आणि पाचवा घराण्यातच शोभत नाही असा: वर-खाली दोन फुगे आणि कमरेला कडं. हे सगळं सपाट फळ्यावर खडूनं काढायचं म्हणजे हत्तीला पाकिटात घालणं. मी काढलं की पोरं वहीत पंख्याची पाती काढतात, आणि पाचव्याच्या जागी टायर घातलेलं वांगं.

तर मी सरांना म्हटलं, बोर्डवर कशाला, मी पोरांच्या हातातच देते. मॉडेल्स घरी तयार आहेत.

घरी मॉडेल्स नव्हती. घरी बाबा होते.

बाबा इथल्या संरक्षण कारखान्यात पॅटर्न मेकर होते. ओतीव लोखंडाचा कुठलाही भाग बनवायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवावा लागतो. त्याचा साचा वाळूत घेतात, आणि त्या पोकळीत धातू ओततात. ते लाकूड घडवणारे आमचे बाबा. त्यांच्या डोळ्याला अर्धा केस दिसतो. उरलेला अर्धा ते हाताला लागतो म्हणतात. रिटायर झाल्यापासून मात्र त्यांना काही सुचत नाही. मदन महलला, टेकडीच्या पायथ्याशी आमचं घर. घरात आम्ही दोघंच. सकाळी मी निघते तेव्हा ते खिशात टेप घेऊन अंगणात येरझारा घालत असतात, संध्याकाळी येते तेव्हाही. मधल्या वेळात गल्लीतली सगळी फाटकं त्यांनी गुण्या लावून काटकोनात आणली आहेत. एका शेजाऱ्यांचं तर अख्खं घरच पाव इंच सरळ केलं, असं मी सांगत असते, आणि शेजाऱ्यांनी अजून खोडून काढलेलं नाही.

मी त्यांना खुर्चीचं सगळं सांगितलं आणि पुस्तकाच्या पानांच्या फोटोकॉपी समोर ठेवल्या. त्यांनी त्या उजेडात धरल्या, उलट्या केल्या, परत सरळ केल्या.

"कोणत्या मशीनचा पार्ट आहे हा?"

"मशीनचा नाही बाबा, अणूतला आहे."

"मटेरियल?"

"मटेरियल नसतं. तिथे इलेक्ट्रॉन सापडायची शक्यता असते फक्त."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "शक्यतेला टॉलरन्स किती देऊ, बेटा?"

मी म्हटलं, किती इकडेतिकडे चालवायचं ते ठरवा तुमच्या मनानं. हे वाक्य पॅटर्न मेकरला कधी बोलू नये. पण मला सोमवार दिसत होता, आणि सोमवारच्या मागे ती खुर्ची.

मग चार दिवस घरात भुसा. पोह्यांत भुसा, उशीत भुसा. शेजारची मांजर आमच्याकडून जाताना सागवानाची होऊन जायची. बाबांनी व्हरांड्यातल्या छोट्या लेथवर पाकळ्या उतरवल्या, पेरूएवढ्या, गुळगुळीत. त्यांनी विचारलं, पुढे ओतणार कशात, बीडात का पितळेत? कशातच नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. तरी धातू थंड होताना आक्रसतो म्हणून लाकूड जरा मोठं ठेवायची सवय त्यांच्या हातातून गेली नाही. जगात आक्रसण्याची सोय असलेली ऑर्बिटल्स फक्त आमच्याकडे आहेत.

मधल्या जोडणीसाठी त्यांनी ठोकळे केले, लुडोच्या फाशासारखे सहा तोंडांचे. तोंडाला भोक, भोकात खुंटी, खुंटीवर पाकळी, आणि सरसानं पक्कं. प्रत्येकाखाली एक दांडी, आणि दांड्या रोवायला लांब पाट. पाटावर प्रत्येक भोकाशी X आणि Y च्या रेघा. रंगाचं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की चार पाकळ्यांत समोरासमोरच्या दोन लाल, दोन निळ्या; एक अधिक, दुसरी उणे. ते म्हणाले, मग उभ्या त्या लाल, आडव्या त्या निळ्या. सगळ्याच आडव्या असल्या तर X वाल्या लाल. भानगड नको. मी हो म्हटलं आणि आतबाहेर करत राहिले. मला एका जागी बसून त्यांचं काम बघणं जमलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मी मनातल्या मनात डायरेक्टर सरांशी भांडत अंगण मोजत होते. एका अंगणात दोन माणसं येरझारा घालायला लागली की वाहतुकीचा प्रश्न येतो. एकदा तर आम्ही समोरासमोर अडकलो आणि बाबा म्हणाले, "काहून एवढ्या चकरा मारून राहिली? बस ना थोडी." स्वतः मात्र थांबले नाहीत.

सोमवारी सकाळी रंग जेमतेम वाळला होता. बाबांनी एकेक नग कागदात गुंडाळून खोक्यात भरला आणि ताकीद दिली की क्लासमध्येच उघड, वारा लागू दे. मी खोकं स्कूटरच्या पायाशी ठेवलं, पाट पाठीला बांधला आणि निघाले. सिग्नलला एका ऑटोवाल्या भैयानं विचारलं, दीदी, सतार का? मी म्हटलं, अणू. त्यानं ऑटो दोन हात लांब घेतली.

क्लास भरलेला होता. शेवटच्या बाकावर डायरेक्टर सर, गुडघे छातीशी, हातात वही. मी पाट टेबलावर ठेवला, चेंडू दाखवला, तीन डमरू रोवले. एकेका पोराच्या हातात दिलं. माझा आवाज असा लागला होता की खालच्या रस्त्यावर ट्रॅफिक हवालदारानं शिट्टी थांबवून एस आणि पीमधला फरक समजून घेतला. मग डी काढायला खोक्यात हात घातला. पहिलं निघालं ते कडंवालं वांगं, सुरेख. दुसरं अक्षांवरच्या चार पाकळ्यांचं, तेही सुरेख. उरलेली तीन काढून मांडली, आणि माझे पाय थांबले.

तिन्हींच्या पाकळ्या अक्षांवर होत्या. मधल्या जागेत एकही नाही. X आणि Y च्या मध्ये हव्या होत्या तिथे त्या X वर आणि Y वरच होत्या. ज्या तिरप्या हव्या त्या ताठ उभ्या आणि ताठ आडव्या. पाच भावांत एक वांगं, आणि चौघं सारखे ताठ.

खोक्याच्या तळाशी माझीच फोटोकॉपी होती. तिच्यावर लाल पेन्सिलीनं, कारखान्यातल्या वळणात लिहिलं होतं: भोक काठावर येते. लाकूड फाटेल. सेंटरला घेतले. खाली सही.

क्षणात सगळं कळलं. सहा तोंडांच्या ठोकळ्यात पाकळी दोन अक्षांच्या मध्ये बसवायची तर भोक कडेवर, दोन तोंडं मिळतात तिथे पाडावं लागतं. आणि पॅटर्न मेकर मरेल पण कडेवर भोक पाडणार नाही. साहेब लोकांच्या ड्रॉइंगमधल्या असल्या चुका बाबांनी आयुष्यभर लाल पेन्सिलीनं सुधारल्या होत्या. त्यासाठी तर त्यांचं नाव होतं. त्यांनी अणूही सुधारून दिला.

शेवटच्या बाकावर सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला कूलरची मोटर ऐकू यायला लागली, ती दोन खोल्या पलीकडे असताना.

लोकांना मी सांगते की पुढचं सगळं आधीपासून ठरलेलं होतं. तसं काही नव्हतं. मी पोरांना विचारलं, यातले तीन चुकीचे आहेत, कोणते, ओळखा. ही शिक्षकाची सगळ्यात जुनी लबाडी. स्वतःची चूक प्रश्न म्हणून खपवायची. पोरांनी पुस्तकं उघडली. तिसऱ्या बाकावर घमापूरहून येणारी एक मुलगी आहे, बोलते कमी, बघते फार. ती म्हणाली की हे दोन अगदी सारखे आहेत, मॅम, फक्त एक जरा फिरवायला हवा. मी दांडी धरून अष्टमांश वळवली. पाकळ्या अक्षांवरून सुटून मधल्या जागेत गेल्या. एक सुधारला. बाकीचे दोन पाटातून उपसून हातात तिरपे धरून दाखवले. तिन्ही दिशा पोरांना कळल्या, वहीत पहिल्यांदाच पंख्याच्या पात्यांऐवजी पाकळ्यांची खरी जागा उतरली. इथेच थांबायला हवं होतं.

पण त्या मुलीचा हात पुन्हा वर. "मॅम, चार सारखे आहेत तर पाचवा असा काहून?"

घरात मराठी असलेली पोरगी असावी. वर्गात सगळे हिंदीच बोलतात, धांदलीत तिच्या तोंडून काहून निघून गेलं. या प्रश्नाला मी दरवर्षी "समीकरणातून तसं येतं" असं म्हणून पुढच्या पानावर जाते. चालता चालता म्हटलं की खपतं. त्या दिवशी मी चालत नव्हते. पाय गोठले होते आणि त्यांची सगळी अस्वस्थता हातात आली होती. हातात बाबांच्या चुकलेल्यांपैकी एक नग, उभ्या पाकळ्या लाल, आडव्या निळ्या. मी त्याची दांडी दोन्ही तळव्यांत धरून, ताक घुसळावं तशी घुसळत होते. मला पत्ताही नव्हता.

"मॅम," ती मुलगी म्हणाली, "कडं."

मी खाली बघितलं. लाल पाकळ्या वर-खाली शांत उभ्या होत्या, आणि आडव्या दोन निळ्या फिरता फिरता एकमेकींत मिसळून कमरेभोवती निळं कडं झालं होतं. हातात वांगं तयार झालं होतं.

तेव्हा कुठे मला एम.एस्सी.तलं एक विसरलेलं पान आठवलं. चार पाकळ्यांचे असे आकार खरं तर सहा मांडता येतात. अक्षांच्या मध्ये तीन, अक्षांवर तीन. पण अक्षांवरच्या तिघांतले दोन माहीत असले की तिसरा आपोआप ठरतो, म्हणून त्या तिघांत स्वतंत्र असे दोनच. एक जसाच्या तसा ठेवतात. उरलेले दोन, एक X कडे हात पसरलेला आणि एक Y कडे, एकमेकांत मिसळतात. दोघांचंही उभं लाल एकच, ते राहतं. आडवे निळे चारी बाजूंनी जुळून कडं होतं. पाचवा भाऊ वेगळा नाहीच. तो दोन सख्ख्या भावांची बेरीज आहे. आणि ते दोन भाऊ कुठल्याच पुस्तकात चित्र काढून दाखवत नाहीत. ते जबलपुरात माझ्या टेबलावर उभे होते, कारण बाबांना कडेवर भोक पाडायचं नव्हतं.

मी पोरांना बजावलं की इलेक्ट्रॉन काही ताकासारखा घुसळला जात नाही. हे फक्त दोन आकारांची बेरीज डोळ्यांना दिसावी म्हणून. मग दोन्ही नग पाटावर शेजारी रोवले, एक X कडे, एक Y कडे, त्यांच्यापुढे कडंवालं. सगळे बाकावरून उठून टेबलाभोवती आले. प्रत्येकाला घुसळायचं होतं. डायरेक्टर सरही आले, आणि त्यांनीही एकदा घुसळलं, इस्त्री सांभाळत. मी हे सांगते तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला असंही सांगते. प्रत्यक्षात दोन जणांनी टाळी वाजवली, आणि त्यातल्या एकानं डास मारला असावा.

सरांनी निकाल दारातच दिला. बारावी स्क्रीनवर जाईल, त्यात बदल नाही. "ग्यारहवीं आप रखिए." मी जिन्याशी पोचले तेव्हा मागून हाक आली की मॉडेल्स मात्र इथेच ठेवायची, विशेषतः ती घूमनेवाली.

मी स्कूटर अशी आणली की तिला ब्रेक आहेत हे घरी आल्यावर आठवलं. बाबा फाटकाशीच होते. नेहमीच्या येरझारा नव्हत्या त्या. फाटक ते नळ, नळ ते फाटक, एवढ्याच आखूड. खिशात टेप नव्हता. मी बोलणार तोच ते म्हणाले, "तुझं काम गेलं न?"

मला वाटलं कुणी फोन केला. तसं नव्हतं. मी गेल्यावर त्यांनी घरातलं माझं पुस्तक घेऊन पुन्हा ते पान काढलं होतं. ते म्हणाले, "एका ड्रॉइंगमधी चूक होते बेटा. तीन ड्रॉइंगमधी तीच चूक होत नाही. माह्या लक्षात काल यायला पाहिजे होतं." तेव्हापासून ते फाटक आणि नळामध्ये चालत होते.

मी सगळं खरं सांगितलं. मीठमसाला न लावता, टाळ्या न वाढवता. माझ्या तोंडून एवढं सरळ वाक्य ऐकायची त्यांना सवय नाही, त्यामुळे त्यांनी ते दोनदा तपासून घेतलं. अकरावी राहिली हे पटलं. पण चुकलेल्या नगांमुळे राहिली, हे काही त्यांच्या गळी उतरेना. ते म्हणाले, पोरगी बापाला बरं वाटावं म्हणून बोलते.

त्यांनी ते तीन नग परत मागितले. मी म्हटलं, क्लासमध्ये ठेवून घेतलेत, आणि ठेवून घेतलेत म्हणून तर मी उभी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठोकळा सोडून मध्ये गोल चेंडू घेतला. चेंडूला कड नसते, भोक कुठेही पडतं. तीन नवे नग झाले, पाकळ्या अगदी दोन अक्षांच्या मधात. तेही आता पाटावर आहेत. पण जुन्यांचं त्यांच्या मनातून जाईना. त्यांची एकच अट होती: कारखान्यात नापास झालेल्या मालावर फुली मारतात, तशी त्या तिन्हींवर मारायची, म्हणजे कुणाला वाटायला नको की इथल्या पॅटर्न मेकरला ड्रॉइंग वाचता येत नव्हतं.

रोज संध्याकाळी ते तीन नग तसेच कोरे कपाटात ठेवून मी आले की ते पहिलं हेच विचारतात. "मारल्या फुल्या?"

"मारल्या," मी म्हणते.